पट्टेरी कोहळं

अल्लीपूर, १० जून १९५६

आज विहिरीच्या बाजूला चार आळी करून बी लावलं. बी कसलं ते या वहीत नीट लिहून ठेवतो. उद्या कोणी विचारलं तर पुरावा हवा. सुमती म्हणते, "कोण विचारून राह्यलं तुमाले?" तिला या बाबतीत उत्साह असा नाहीच.

गेल्या वर्षी परसात तीन वेल होते. एक आपलं गावरान कोहळं, ज्याला पुण्याकडची मंडळी लाल भोपळा म्हणतात. दुसरं विलायती कोहळं, त्याचं पाकीट नागपूरहून आणलं होतं. तिसरा नत्थूजीनं दिलेला रंगीत भोपळा. नत्थूजी आपल्याच गावचा, नागपुरात एका साहेबाच्या बंगल्यावर माळी आहे. त्या भोपळ्याची फळं मुठीएवढी, हिरवी-पिवळी, आणि पट्टे असे सरळ की शाळेतल्या पट्टीनं आखावेत. साहेबाच्या टेबलावर ती टोपलीत मांडून ठेवतात म्हणे. बी देताना नत्थूजी म्हणाला, "मास्तर, हे पाहाले ठेवाचं असते, खाचं नाई." मी म्हटलं, खातो कोण, मला त्याचा रंग हवा आहे.

मग महिनाभर माझा उद्योग सुरू होता. दुसऱ्या दिवशी उमलणारी मादी कळी संध्याकाळी हेरायची आणि दोऱ्यानं बांधायची, म्हणजे मधमाशीनं आधी येऊन घोटाळा करू नये. सकाळी रंगीत भोपळ्याचं नरफूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, कळीचा दोरा सोडून पराग लावायचा आणि पुन्हा बांधायचं. सगळं शाळेच्या आधी. गावरान कोहळ्याच्या दहा कळ्या बांधल्या, दहाही गळाल्या. विलायतीची एक धरली. ते फळ मात्र हुबेहूब आईसारखं निघालं, एक पट्टा नाही. भाजी केली तर साखरेसारखी गोड. मी हिरमुसलो होतो, पण पुस्तकात लिहिलं आहे की बापाचे गुण त्या फळात दिसत नाहीत, त्याच्या बियांतून पुढच्या वेलावर उतरतात. त्या बिया आज लावल्या.

नावसुद्धा ठरवलं आहे: अल्लीपूर पट्टेरी. डिसेंबरात वर्ध्याला शेतीचं प्रदर्शन भरतं. तिथे खाली लहान अक्षरांत माझंही नाव असेल. अक्षरं फार लहान नसली तरी चालेल.

२७ जुलै

वेल मांडवावर चढले. सहावीचे निबंध तपासायचे राहिले आहेत.

१९ ऑगस्ट

पट्टे आले!

चार फळं धरली आहेत. आकार आईपेक्षा लहान, पण रंग! केशरी अंगावर गर्द हिरवे पट्टे, देठाजवळ पिवळं. साल नख रुतणार नाही इतकी टणक. आज शाळेतून तीन मास्तर बघायला आले. त्यांना मी दोरा बांधण्यापासून सगळं सांगितलं. दोघं ऐकत होते.

ते गेल्यावर शेजारच्या जिजाबाई आपल्या दारचं गावरान कोहळं घेऊन आल्या, फोडून मागायला. आमच्याकडे कोहळ्यावर पहिला घाव बाईनं घालायचा नसतो, तो पुरुषानं घालायचा. जिजाबाईंचे यजमान नऊ वर्षांपूर्वी काशीला जातो म्हणून गेले ते आलेच नाहीत. त्या कुंकू लावतात आणि चार घरचा सणावाराचा सोवळ्यातला स्वयंपाक करून राहतात. घरात पुरुष नाही, म्हणून कोहळं फोडायला नेहमी माझ्याकडे येतात. मी घाव घातला की म्हणतात, "गोड निघू दे." मग मी रस बोटाला लावून चाखतो आणि सांगतो, गोड आहे. आमचा हा नेमच झाला आहे.

१ सप्टेंबर

प्रभाकरराव स्वतः आले. गावातली सर्वांत मोठी कापसाची आडत त्यांची, त्यामुळे ते परसात आले म्हणजे गल्लीनं पाहिलंच. यंदा लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्या, अमरावतीहून व्याही येणार. म्हणाले, "मास्तर, यंदा महालक्ष्मीले बोंडं तुमच्याच कोहळ्याची. देवीले नवं फळ अन्‌ व्याह्याले नवी गोष्ट." कोहळ्याच्या किसात गूळ आणि कणीक घालून तळलेली बोंडं आमच्याकडे महालक्ष्मीला लागतातच. मी लगेच दोन फळं कबूल केली.

सुमती म्हणाली, "एक आधी घरी फोडून पाहाना."

मी म्हटलं, पहिलं फळ देवीला सोडून आपण खायचं? बोललो ते धर्माचं होतं, पण खरं सांगायचं तर चारातलं एक भाजीत घालवायची माझी तयारी नव्हती. दोन देवीला, एक बियाला, एक प्रदर्शनाला, असा हिशोब बसला होता. आणि आई गोड असताना लेक कडू कशाला निघेल?

१२ सप्टेंबर, सकाळी

आत्ताच प्रभाकररावांकडून आलो. मागच्या अंगणात जिजाबाई सोवळ्यात विळी घेऊन बसल्या होत्या. बोंडासाठी त्यांनी आपल्या घरचं मोठं पितळी पातेलं आणलं होतं. प्रभाकरराव म्हणाले, "तुमचं फळ, तुमचाच मान," आणि कोयता माझ्या हातात देऊन पाहुण्यांकडे गेले. साल इतकी टणक की एकेक फळ तीन घावांत फुटलं. आतला गर फिकट, पण बरा.

बोटाला रस लागला तो सवयीनं जिभेला लावला. मग आठवलं की हे नैवेद्याचं. कडू लागलं म्हणून नहाणीत थुंकलो. जिजाबाई माझ्याकडेच पाहत होत्या.

"काय झालं, मास्तर?"

"काही नाही, सकाळी कडुलिंबाची काडी चावली, तोंड अजून कडू आहे."

"कोहळं बरोबर आहे ना? मले तर चाखता येत नाई नैवेद्याचं."

"उत्तम आहे," मी म्हटलं.

त्यांनी क्षणभर फोडींकडे पाहिलं आणि किसायला घेतल्या. नैवेद्याआधी मी जीभ लावली हे कोणाला कळलं नाही, हे बरं झालं. देवीचं उष्टं केलं म्हणून गावभर झालं असतं. काडीचाच कडूपणा होता.

१३ सप्टेंबर

काडीचा नव्हता. ती मी सहाला चावली होती आणि त्यानंतर दोनदा चहा घेतला होता. हे मला काल सकाळी लिहितानाही माहीत होतं.

काल पंगतीत मला व्याह्यांच्या शेजारी बसवलं. प्रभाकररावांनी सर्वांना सांगितलं की बोंडं मास्तरांच्या कोहळ्याची. पहिला घास घेतला आणि तोच कडूपणा गुळातून वर आला. मी उरलेलं बोंड पत्रावळीखाली सरकवलं. शाळेत मुलं चुकलेली पाटी मांडीखाली लपवतात, तसं.

व्याह्यांनीही एक खाल्लं. चेहरा आकसला. म्हणाले, "जरा कडसर आहे," आणि लगेच, "पण देवीचा प्रसाद आहे, टाकायचा नाही." प्रभाकररावांनी आग्रहानं आणखी तीन वाढली. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घ्या, घ्या."

हे मी का म्हटलं? कोणी विचारलं नव्हतं. नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं.

प्रसाद म्हणून सगळ्यांनी एकेक तरी खाल्लं. संध्याकाळपर्यंत अकरा जणांना उलट्या आणि जुलाब. व्याही म्हातारे, त्यांना बैलगाडीत घालून हिंगणघाटच्या दवाखान्यात नेलं. मला काहीच झालं नाही.

१४ सप्टेंबर

व्याही शुद्धीवर आहेत, पण फार अशक्त. प्रभाकररावांनी बोलावणं पाठवलं. ओसरीवर पाच-सहा माणसं होती, जिजाबाई खांबापाशी उभ्या. प्रभाकरराव म्हणाले, "बाकी सारं बरोबर होतं, बोंडंच कडू. मास्तर, तुमी फोडलं, तुमीच सांगा. कोहळं तर चांगलं होतं ना?"

मी जिजाबाईंकडे पाहिलं नाही. म्हटलं, "उत्तम होतं."

"म्हणजे पातेलं," प्रभाकरराव म्हणाले. "कल्हई उडाली असंन, पितळेत अन्न कळकलं."

जिजाबाई म्हणाल्या, "गणपतीच्या आधीच कल्हई करून घेतलती मी. पातेलं पाहा ना, आतून कसं आहे."

कोणी पाहायला उठलं नाही. प्रभाकररावांच्या घरच्या प्रमिलाबाई आतून बोलल्या, "आमचा माणूस मेला असता, अन्‌ हिले पातेल्याचं पडलं." जिजाबाईंनी पातेलं डोक्यावर घेतलं आणि गेल्या. माझ्यासमोरून गेल्या. त्यांनी मला एकच विचारलं, "मास्तर, काडीनं तोंड किती वेळ कडू राह्यते?" मी म्हटलं, बराच वेळ. साध्या बाई आहेत, त्या वेळीही माझ्या तोंडाची चौकशी केली.

२३ सप्टेंबर

व्याही बरे होऊन अमरावतीला गेले. मला वाटलं होतं की आता सगळं निवळेल. पण पितृपक्षाची सात घरची कामं जिजाबाईंकडे ठरली होती, सातही जणांनी दुसरी बाई सांगितली. "कळकवणारी" म्हणतात त्यांना. आमच्या सहावीतल्या पोरांनी तो शब्द उचलला आहे. मी एकाला छडी मारली आणि मग दिवसभर स्वतःचीच लाज वाटली.

२ ऑक्टोबर

सुट्टी होती. बियाण्यासाठी ठेवलेलं फळ परसात बसून फोडलं. मनात एक वेडी आशा होती की हे गोड निघेल आणि पातेलंच दोषी ठरेल. माणूस किती खालच्या थराला जातो! जिभेवर ठेवलं आणि डोळ्यांत पाणी आलं. कारल्याचा कडूपणा कडूपणाच नव्हे याच्यापुढे. रंगासोबत बापाचं विषही उतरलं, आणि नत्थूजीनं मला ते आधीच सांगितलं होतं.

सुमती दारात उभी होती. म्हणाली, "आता माहीत झालं?" मी विचारलं, तुला कधी कळलं? ती म्हणाली, "तुमी पंगतीतून घरी आले अन्‌ जेवाले मागितलं, तवाच."

१४ ऑक्टोबर, दसरा

सुमतीच्या हातानं जिजाबाईंकडे तांदूळ आणि गूळ पाठवला. परत आला. निरोप होता, "मास्तरले सांगजो, मी उपाशी नाई." गुळाची ढेप मी कोनाड्यात ठेवून दिली. तिकडे पाहवत नाही.

३ नोव्हेंबर

परवापासून आपण मुंबई राज्यात. शाळेत हेडमास्तरांनी भाषण केलं, पेढे वाटले. काल लक्ष्मीपूजन झालं. जिजाबाईंना यंदा एकाही घरानं फराळ करायला सांगितलं नाही. दर दिवाळीला आमच्या भिंतीपलीकडून त्यांच्या झाऱ्याचा आवाज येतो, तो आला नाही. सुमती म्हणाली, त्या घर बंद करून भावाकडे तळेगावला निघाल्या आहेत, कायमच्या. भावजय कशी आहे ते सगळ्या गल्लीला माहीत आहे.

एवढं सांगून सुमती लसूण सोलत बसली. आणखी काही म्हणाली असती तर मी निदान भांडलो असतो.

५ नोव्हेंबर

सांगितलं. प्रभाकररावांना एकट्याला गाठून सगळं सांगितलं. बोट चाखलं, कडू लागलं, लपवलं, तुमच्या व्याह्यांना वर "घ्या, घ्या" म्हटलं.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, तुमी देवमाणूस. एका बाईचं पोट जाऊन राह्यलं मनून स्वतःच्या अंगावर घेऊन राह्यले. पण कोहळं कडू असते काय कधी? मले शिकवता?"

मी पुन्हा सांगितलं. ते आणखीच गहिवरले. चहा पाजला. संध्याकाळी दुकानात दोन माणसांनी मला वाकून नमस्कार केला.

खोटं बोललो तेव्हा एका शब्दावर विश्वास ठेवला. खरं बोललो तर साधू ठरलो. घरी येऊन मी हसलो आणि मग सुमतीसमोर रडलो. ती म्हणाली, "एक फळ आहे ना अजून?"

प्रदर्शनाचं. ते मी गवतात गुंडाळून माळ्यावर ठेवलं होतं. तिला ते कसं ठाऊक, विचारलं नाही.

६ नोव्हेंबर

सकाळी फळ आणि कोयता घेऊन जिजाबाईंच्या दारात गेलो. त्या गाठोडी बांधत होत्या. मी म्हटलं, माझं चुकलं, त्या दिवशी कोहळं कडू होतं आणि मला माहीत होतं.

त्यांनी गाठ पक्की केली. मग म्हणाल्या, "मले माहीत आहे. तुमी थुंकले ते मी पाह्यलं. ते तोंड काडीचं नव्हतं."

ओसरीवरचा तो काडीचा प्रश्न चौकशीचा नव्हता हे मला आत्ता कळलं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"बोलून काय? सैपाकीण मास्तरवर ढकलते, असंच म्हटलं असतं. मी तर तवाच पुन्हा विचारलं तुमाले. तुमी उत्तम म्हणाले. नऊ वर्षं तुमच्या जिभेवर मी कोहळं शिजवलं, मास्तर. मले वाटलं, आज ना उद्या सांगतीन. दोन महिने वाट पाहून राह्यली मी."

मी हात जोडले. त्यांनी त्याकडे लक्ष दिलं नाही. गाठोड्यातून ते पातेलं काढलं आणि म्हणाल्या, "चला."

प्रभाकररावांचं अंगण. त्यांच्यासोबत आडतीवरची चार माणसं, दारात प्रमिलाबाई. मी म्हटलं, हे त्याच वेलाचं शेवटचं फळ, याचा तुकडा चाखा, मग मला काय म्हणायचं ते म्हणा. प्रभाकरराव म्हणाले, "बरं, घाला घाव."

मी कोयता उचलला. जिजाबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"अवो, बाईनं फोडू नये!" प्रमिलाबाई ओरडल्या.

"पुरुषाच्या हातानं फोडून पाह्यलं," जिजाबाई म्हणाल्या. "आता मी फोडतो."

पातेल्यातच ठेवून त्यांनी घाव घातला. माझ्या तीन घावांचं काम त्यांनी एकात केलं. पातेलं आतून लख्ख पांढरं होतं, कल्हई कुठे खरचटलेलीसुद्धा नव्हती. ते सगळ्यांनी पाहिलं, दोन महिने उशिरा. जिजाबाईंनी एक फोड प्रभाकररावांच्या हातावर ठेवली. त्यांनी चावली आणि मी त्या दिवशी थुंकलो होतो त्याच नहाणीत जाऊन थुंकले. तीनदा चूळ भरली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मास्तर, माहे व्याही चार दिवस दवाखान्यात होते."

एवढंच म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. प्रमिलाबाई पुढे येऊन जिजाबाईंना म्हणाल्या, "आमचं चुकलं, बाई. पुढच्या महालक्ष्मीले येजो." जिजाबाई म्हणाल्या, "पाहू," आणि पातेलं धुवायला पाणी मागितलं. प्रमिलाबाईंनी स्वतः घागर आणून ओतली.

मी निघालो तेव्हा मला कोणी थांबवलं नाही. घरी येऊन वेल उपटले आणि बिया चुलीत घातल्या. फुटताना आवाज होत होता. सुमतीनं त्या वेळी चूल मला एकट्याला सोडून दिली.

१४ जानेवारी १९५७, संक्रांत

जिजाबाई तळेगावला गेल्या नाहीत. कामं परत आली आहेत, सगळी नाहीत, पण पोटापुरती. सुमतीकडे हळदीकुंकवाला आल्या होत्या. माझ्याशी बोलल्या, हवा थंड आहे म्हणून. मी म्हटलं, हो, आहे. त्याच्यापुढे बोलणं गेलं नाही.

सकाळी त्या आमच्या फाटकावरून गेल्या, काखेत बाजारातून आणलेलं गावरान कोहळं. मी ओसरीवर होतो. उठून उभासुद्धा राहिलो. त्या घरात गेल्या आणि थोड्या वेळानं भिंतीपलीकडून कोयत्याचा आवाज आला. एकच घाव.

आमच्याकडेही आज कोहळ्याची भाजी. मी नेहमीप्रमाणे कोयता घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. सुमतीनं फोडून ठेवलं होतं. मी नुसता उभा राहिलो, तेव्हा तिनं एक फोड जिभेला लावली आणि म्हणाली, "गोड आहे, बसा."

मी पाटावर बसलो.